बाल अत्याचार ओळखण्याचं प्रशिक्षण: शिक्षक, वसतिगृह आणि व्हॅनचालकांना नेमकं काय शिकवायचं?

समन्वयक_हिंगणा

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेच्या नागपूरजवळच्या हिंगणा भागात दोन शाळा आणि मुलींचं एक वसतिगृह आहे. शिक्षक ३८, वसतिगृहात ९ जण, व्हॅनचालक आणि मदतनीस मिळून ११, शिवाय कार्यालयातले लोक आणि शिपाई. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधीच्या आठवड्यात सगळे हजर असतात, तेव्हा बाल अत्याचार कसा ओळखायचा आणि लक्षात आल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण ठेवतो आहोत. यापूर्वी दोन तासांचं कायद्यावरचं व्याख्यान झालं होतं. कलमं फळ्यावर लिहून झाली, पण नंतर "एखाद्या मुलीनं तुम्हाला काही सांगितलं तर सगळ्यात आधी काय कराल?" असं विचारलं तर जितके लोक तितकी उत्तरं आली.

मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. सगळ्यांना एकत्र बसवावं की वेगळं? लक्षणांची यादी किती द्यावी, कारण यादी लांबली की प्रत्येक गप्प मूल संशयात येतं. काही कळलं तर आधी संस्थेची चौकशी समिती बसवावी आणि मग पोलिसांकडे जावं असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे, ते बरोबर आहे का? आणि प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे मोजायचं कसं?

---

समुपदेशक_प्रतापनगर

सगळ्यांना एका सभागृहात बसवू नका. एका गटात २५ पेक्षा जास्त माणसं नकोत, कारण या प्रशिक्षणाचा निम्मा वेळ तोंडानं वाक्यं म्हणून बघण्यात जायला हवा आणि ६० माणसांत ते जमत नाही. शिक्षकांचे दोन गट करा, प्रत्येकी साडेचार ते पाच तास. वसतिगृहाचा गट वेगळा, कारण त्यांना रात्रीचे प्रसंग, आंघोळ, आजारपण, सुटीहून परतलेली मुलं हे सगळं हाताळावं लागतं. चालक आणि मदतनीसांना दीड तास पुरतो, पण त्यांच्या फेऱ्यांच्या वेळा बघून ठेवा.

आधी शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट स्वतःशी पक्की करावी. हे प्रशिक्षण तपास करायला शिकवत नाही. शिक्षकानं करायची कामं चारच: लक्ष देणं, ऐकून घेणं, लिहून ठेवणं, कळवणं. गुन्हा झाला की नाही हे ठरवणं त्याचं काम नाही. हे मनावर घेतलं की अर्धी भीती तिथंच जाते.

सुरुवातीलाच सांगा की हा विषय इथल्या काहींच्या स्वतःच्या आयुष्याचा असू शकतो, कुणाला उठून बाहेर जावंसं वाटलं तर कारण सांगायची गरज नाही, आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बसलेली आहे. ही औपचारिकता समजू नका. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला होता, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं. तीच मुलं आज मोठी होऊन शिक्षक, मदतनीस, पालक झाली आहेत. याच कारणासाठी अंगावर येणारे व्हिडिओ, खऱ्या प्रकरणांचे फोटो अजिबात दाखवू नका. माणसं सुन्न होतात आणि पुढचा तास वाया जातो.

मुख्य सराव असा घ्या. तिघांचे गट. एक शिक्षक, एक मूल, एक निरीक्षक. मुलाच्या भूमिकेतल्या माणसाला चिठ्ठीवर फक्त दोन ओळी द्या, उदाहरणार्थ "मला आज घरी जायचं नाही. कुणाला सांगणार नाही ना?" त्याला याहून जास्त अभिनय करायला लावू नका. निरीक्षकाच्या हातात कागद, त्यावर चार खुणा मोजायच्या: उत्तर सुचवणारा प्रश्न किती वेळा आला, "का" किती वेळा आलं, खोटं वचन दिलं का, मुलाचं बोलणं मध्येच तोडलं का. पाच मिनिटं झाली की थांबवा, निरीक्षकाला बोलू द्या, भूमिका बदला. तीन फेऱ्यांत प्रत्येकाला कळतं की आपल्या तोंडून काय निघतं.

निघतं ते असं: "अगं, नक्की ना?" "मग आधी का नाही सांगितलंस?" "काकांनी हात लावला का तुला?" पहिल्यानं मूल मागं सरतं, दुसऱ्यानं त्याला आपलीच चूक वाटते, आणि तिसरा प्रश्न उद्या कोर्टात बचाव पक्षाच्या कामी येतो, कारण उत्तर तुम्ही सुचवलेलं असतं. त्याऐवजी ही वाक्यं पाठ करून घ्या: "तू सांगितलंस हे चांगलं केलंस." "यात तुझी काही चूक नाही." "मग काय झालं?" "त्याबद्दल अजून सांग." आणि "कुणाला सांगू नका" याला उत्तर: "वर्गात कुणाला कळणार नाही. पण तुला मदत व्हावी म्हणून मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल. कुणाला सांगते ते आधी तुला सांगेन."

कोण, काय, कुठे, शेवटचं कधी, आणि आज रात्री मूल सुरक्षित आहे का, एवढं कळलं की थांबायचं. पुढचं विचारू नका. शेजारच्या मॅडमना बोलावून "आता यांनाही सांग" हे तर मुळीच नको. प्रत्येक वेळी सांगताना तपशील थोडे बदलतात, तो स्मरणाचा स्वभावच आहे. पण कागदावर तीन वेगळे जबाब दिसले की मूल खोटं बोलतं असा अर्थ काढला जातो.

लिहिण्याचा सरावही तितकाच करून घ्या, बहुतेक प्रशिक्षणांत हा भाग राहूनच जातो. अर्ध्या तासाच्या आत लिहायचं. तारीख, वेळ, जागा, आपण काय विचारलं, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत. मुलगी म्हणाली असेल "काका मले रात्री त्रास देते, मले त्यायच्या घरी नाही झोपाचं", तर कागदावर तेच हवं. शिक्षक लिहितात "काकाने अतिप्रसंग केल्याचे सांगितले". मुलीनं हा शब्द उच्चारलेलाच नाही. वसतिगृहात हिंदी, छत्तीसगढी, गोंडी बोलणाऱ्या मुली असतील तर त्यांचा शब्द जसाच्या तसा देवनागरीत लिहून पुढे अर्थ वेगळा लिहायचा. खाली सही. मत, अंदाज, घरच्यांबद्दलची ऐकीव माहिती यातलं काही नको.

---

बालरोग_धंतोली

लक्षणांच्या यादीबद्दल तुमची शंका रास्त आहे. अंथरूण ओलं करणं, अभ्यासात मागं पडणं, चिडचिड, एकटं राहणं ही लक्षणं घरात भांडण असलं, मूल आजारी असलं, शाळा बदलली तरी दिसतात. म्हणून वागणुकीच्या बाबतीत एकच कसोटी द्या: बदल. हे मूल महिन्याभरापूर्वी असं होतं का? त्यातही जास्त वजन द्यावं अशा मोजक्या गोष्टी म्हणजे ठरावीक माणसाची किंवा जागेची भीती, वयाला न शोभणारी लैंगिक माहिती किंवा खेळ, सुटी आली की घाबरणं, अचानक आलेले पैसे किंवा मोबाइल, स्वतःला इजा करणं. मुलगे यातून सुटलेले नाहीत, हे मुद्दाम सांगा. पोक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा, १८ वर्षांखालच्या प्रत्येक बालकाला लागू आहे, मुलगा-मुलगी भेद नाही.

शरीरावरच्या खुणा मात्र शिकवता येतात आणि त्या शिकवायलाच हव्यात. खेळताना पडलेल्या मुलाला लागतं ते हाडं वर असलेल्या जागी: नडगी, गुडघा, कोपर, कपाळ, हनुवटी. कान, मान, पोट, पाठ, कुल्ले, गाल, जबड्याचा कोपरा, पापणी, ओठाच्या आतला पडदा इथं वळ किंवा निळं-काळं दिसलं आणि त्यातही मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर थांबून विचार करायचा. जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर कुठंही मुका मार दिसला तरी ते डॉक्टरकडे गेलंच पाहिजे. तुमच्या शाळेला जोडून अंगणवाडी किंवा पाळणाघर असेल तर हे तिथल्या ताईंना आधी शिकवा.

छडीच्या वळाला दोन समांतर लाल रेषा असतात आणि मधली पट्टी फिकट. वायरीच्या माराला टोकाशी वळलेली दुहेरी रेष असते. पाय गरम पाण्यात धरून बुडवला असेल तर भाजण्याची कड पायमोजा घातल्यासारखी एका पातळीत सरळ येते. चुकून सांडलेल्या पाण्याचं भाजणं वेडंवाकडं, विखुरलेलं असतं, खाली कमी होत जातं. सिगारेट किंवा बिडीचा डाग गोल, साधारण ८ ते १० मिलिमीटरचा, कडा स्पष्ट.

आता जिथं चूक होते ते. पुष्कळ भारतीय बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर राखाडी डाग असतात. तो मार नव्हे. मार रंग बदलतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो, जन्मखूण तशीच राहते. शंका असेल तर जुनी नोंद बघा. उलट, रंगावरून "हा मार तीन दिवसांपूर्वीचा" असं कुणी सांगू नये, डॉक्टरांनाही ते भरवशानं सांगता येत नाही. आणि मेळघाटाकडे पोट फुगलं म्हणून बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईचे किंवा विळ्याचे चटके देतात. त्यामागे छळाचा हेतू नसतो, पण इजा खरी असते, जंतुसंसर्ग होतो. अशा मुलाला आधी उपचार, आणि घरच्यांशी बोलायला आशाताई किंवा आरोग्यसेविका सोबत. खूण बघून लगेच आईवर ओरडणं कामाचं नाही.

गरिबी आणि हेळसांड यातही फरक करायला शिकवा. फाटका गणवेश ही हेळसांड नव्हे. परवडणारे किंवा मोफत उपचार समोर असूनही मुलाला महिनोन् महिने नेलं नाही, ती हेळसांड.

शिक्षकांनी कपडे काढून खुणा तपासायच्या नाहीत. उघड्या दिसणाऱ्या भागावर जे दिसलं ते शरीराच्या साध्या आकृतीवर खूण करून, अंदाजे माप लिहून ठेवायचं. शाळेच्या किंवा स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढू नका. फोटो कुठं जातील यावर तुमचा ताबा राहत नाही.

लैंगिक अत्याचाराबद्दल एक गोष्ट प्रत्येकाच्या मनात ठसवा: तपासणीत काही न सापडणं म्हणजे काही झालं नाही असं नव्हे. अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांची शारीरिक तपासणी सर्वसाधारणच निघते. जखमा झालेल्याच नसतात किंवा लवकर भरून येतात. "मेडिकलमध्ये काही निघालं नाही" असं म्हणून शाळेनं मुलीला खोटं ठरवू नये.

वेळेचं गणित वसतिगृहाच्या अधीक्षिकेला पाठ हवं. घटना ताजी असेल तर नमुने घ्यायला केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत वाव असतो, पण दर तासाला शक्यता घटते. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात, म्हणजे जितकं लवकर तितकं बरं. गर्भधारणा रोखणारी गोळीही ७२ तासांत. तोवर मुलीला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे बदललेच असतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. ओलाव्यानं बुरशी धरते आणि प्रयोगशाळेत काही उरत नाही. मात्र ९६ तास उलटून गेले म्हणून दवाखान्यात न्यायचंच नाही, असं कधी करू नका. उपचार, संसर्गाची तपासणी, मानसिक आधार यांना मुदत नसते.

पोलिसांचं पत्र आणा, मग तपासू, असं कुठल्याही रुग्णालयानं म्हणायचं नाही. पोक्सोच्या कलम २७ प्रमाणे एफआयआर झालेली नसतानाही तपासणी करता येते, आणि त्याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत तातडीच्या उपचारांसाठी कागदपत्रं मागण्यास स्पष्ट मनाई आहे. नागपूरच्या मेडिकल, मेयो, डागा यांसारख्या शासकीय रुग्णालयांप्रमाणे खासगी रुग्णालयांवरही मोफत प्रथमोपचार आणि उपचारांचं बंधन आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, सोबत पालक किंवा तिच्या विश्वासाची व्यक्ती. दोन बोटांची तपासणी हा प्रकार सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये चुकीचा ठरवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी, असं बजावलं. तुमच्या वसतिगृहाला भेट देणाऱ्या डॉक्टरांनाही या प्रशिक्षणात बसवा. सगळ्यात आधी त्यांनाच काही दिसण्याची शक्यता असते.

---

पोक्सो_वकील_सिव्हिललाइन्स

चौकशी समितीचा मुद्दा. नाही, ते बरोबर नाही, आणि व्यवस्थापनाला हे लेखी कळवा. पोक्सोच्या कलम १९ नुसार ज्याला गुन्हा घडल्याची माहिती आहे किंवा घडण्याची भीती वाटते, त्या प्रत्येकानं स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. खात्री पटल्यावर कळवा असं कायदा म्हणत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शिक्षकानं मुख्याध्यापकांना सांगितलं आणि ते गप्प बसले, तर शिक्षक मोकळा होत नाही. म्हणून नियम असा लिहा: ज्यानं ऐकलं त्यानं स्वतः कळवायचं, मुख्याध्यापकांना सोबत घ्यायचं, त्यांची परवानगी मागायची नाही.

विदर्भातलंच उदाहरण द्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २०२२ ला तो निर्णय फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं. दुसरा नागपूरचा दाखला 'त्वचेला त्वचेचा स्पर्श' या नावानं गाजलेला. कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोच्या कलम ७ (लैंगिक हल्ला) खाली येत नाही हा खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ ला रद्द केला. हेतू लैंगिक आहे का, हे महत्त्वाचं. "कपड्यावरूनच तर हात लावला" ही स्टाफरूममधली समजूत प्रशिक्षणातच काढून टाका.

"चुकलो तर?" या भीतीला उत्तर कलम १९ मध्येच आहे: सद्भावनेनं दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. खोट्या तक्रारीची शिक्षा बदनामी, खंडणी अशा हेतूनं मुद्दाम केलेल्या तक्रारीला आहे, आणि बालकाला ती कधीच होत नाही.

कळवल्यावर काय होतं हे माहीत असलं की लोक बिचकत नाहीत. पोलिसांनी माहिती लिहून घ्यायची, नोंद क्रमांक द्यायचा, वाचून दाखवायची. तो क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. २४ तासांत बाल कल्याण समिती (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आरोपी मुलाच्याच घरात राहत असेल तर मुलाला २४ तासांत समितीपुढे आणायचं, आणि त्याला घरी ठेवायचं की नाही हे समिती तीन दिवसांत ठरवते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. समिती सहायक व्यक्ती नेमू शकते, ती खटला संपेपर्यंत कुटुंबासोबत राहते. ती मागून घ्या, आपोआप मिळेल असं धरू नका. तातडीचा खर्च म्हणजे जेवण, प्रवास, कपडे यासाठी समितीची विशेष मदत असते, आणि पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

मारहाण, उपासमार, हेळसांड ही पोक्सोत येत नाही. तिथं बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ आहे, आणि शाळेत शिक्षकानं मारलं असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. छडीला 'शिस्त' समजणारे शिक्षक या सत्रात बसलेले असतील, त्यांना हे कलम वाचूनच दाखवा.

मुलाचं नाव, फोटो, गाव, शाळेचं नाव बाहेर जाणार नाही हे सांभाळा. ओळख जाहीर करण्यास मनाई करणारं पोक्सोचं कलम २३ माध्यमांसाठी आहे म्हणून पालकांच्या व्हॉट्सॲप गटात लिहिलं तर चालतं, असं समजू नका. तिथलं लिहिलेलं तासाभरात गावभर होतं.

---

समन्वयक_हिंगणा

फार उपयोगी माहिती, आभार. अजून दोन अडचणी. पालकच म्हणाले की तक्रार नको, मुलीचं लग्न व्हायचं आहे, तर? आणि चालकांना या विषयावर बोलावलं तर "आमच्यावरच संशय घेता का?" असं ते म्हणतील याची धास्ती आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुला-मुलींच्या प्रेमप्रकरणात काय करायचं तेही विचारलं जाणार.

---

बालसंरक्षण_काटोलरोड

ताई, चालकांपासून सुरू करतो. त्यांना संशयित म्हणून बोलावू नका, साक्षीदार म्हणून बोलवा. मूल कोणाच्या घरी उतरायला नाही म्हणून राहिलं, कोण नवीन माणूस घ्यायला येऊन राहिला, कोणत्या मुलाला मोठी पोरं मागच्या सीटवर छळतात, हे शिक्षकाला दिसत नाही, चालकालाच दिसते. दीड तासात पाच गोष्टी बसवा. नोंदवलेल्या माणसाशिवाय मूल कोणाच्या हाती द्यायचं नाही, फोनवरचा निरोप चालणार नाही. शेवटचं मूल एकटं राहत असेल तर मदतनीस उतरायचा नाही, तो घरापर्यंत जाईल. ठरलेला रस्ता बदलायचा नाही, बदलावा लागला तर फोन. मुलाला मांडीवर घेणं, खाऊ देऊन गुपित ठेवायला लावणं बंद. आणि काही दिसलं तर कोणाला फोन करायचा तो नंबर स्टिअरिंगजवळ चिकटवलेला. यातले नियम पाळले तर उद्या खोटा आरोप होण्याची वेळच येत नाही, हेही त्यांना सांगा. ते मग मन लावून ऐकतात.

पोलीस पडताळणी मात्र सगळ्यांचीच करा. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शिकवणारे, न शिकवणारे, कायम, कंत्राटी, मुलांच्या संपर्कात येणारा प्रत्येक कर्मचारी त्यात येतो, आणि ती एकदा करून फाइलला लावायची गोष्ट नाही, ठरावीक काळानं पुन्हा करायची आहे. त्याच नियमांत कर्मचाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यायचं बंधनही आहे. व्यवस्थापन खर्चाचं विचारेल तेव्हा हे दाखवा.

पालकांचा नकार. कळवण्याचं कर्तव्य त्यांच्या नकारानं संपत नाही, पण त्यांना बाजूला सारून ठाण्यात धावत जाणंही बरोबर नाही. आधी बसून सांगा की मुलीचं नाव कायद्यानं गुप्त राहतं, जबाब घरी होऊ शकतो, मुलीला आरोपीच्या समोर उभं करत नाहीत. पुष्कळ वेळा त्यांना ठाण्याची आणि वस्तीत चर्चा होण्याची भीती असते, गुन्हा दाखल होण्याची तेवढी नसते. मात्र संशय घरातल्याच माणसावर असेल तर घरी फोन करून कळवायचं नाही. आधी १०९८, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन. हा नंबर चोवीस तास चालतो, आता जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत आणि ११२ शी जोडून. नागपूर शहरात पोलिसांच्या भरोसा सेलची (महिला आणि मुलांसाठीचा मदत कक्ष) मदतही होते. हे सगळे नंबर, तुमच्या ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव, समितीचा पत्ता आणि बैठकीचे वार एका पानावर आणा, आणि प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक नंबरवर फोन लावून बघा. बदली झालेल्या अधिकाऱ्याचा नंबर वाटला तर पहिल्या प्रसंगातच लोकांचा धीर सुटते.

आरोप तुमच्याच कर्मचाऱ्यावर असेल तर त्याच दिवशी त्याला मुलांपासून दूर ठेवा. त्याला बोलावून विचारपूस करू नका, तो मुलीपर्यंत पोहोचते नाहीतर पुरावा नाहीसा करते. सीसीटीव्हीच्या डब्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसून त्यावर नवीन चढते, कितीक ठिकाणी पंधरा दिवसांतच. तारीख बघून लगेच पोलिसांना लेखी कळवा की ते जप्त करा. तोवर कोणी डब्याला हात लावू नये. आणि राजीनामा घेऊन, चांगला दाखला देऊन त्याला गुपचूप दुसऱ्या शाळेत जाऊ देणं हे सगळ्यात वाईट. तिथं पुन्हा लेकरंच आहेत.

---

पोक्सो_वकील_सिव्हिललाइन्स

प्रेमप्रकरणाबद्दल. १८ खाली संमतीला पोक्सोत अर्थ नाही, त्यामुळे लैंगिक संबंधाची माहिती कळली तर कळवण्याचं कर्तव्य लागू होतं. चिठ्ठी सापडली, दोघं सोबत फिरताना दिसली, एवढ्यानं ते लागू होत नाही. शिक्षकांना हा फरक नीट समजावा, नाहीतर मुलं कुणाशीच बोलायची बंद होतात. अल्पवयीन मुलगी गरोदर असेल तर डॉक्टरांना कळवावंच लागतं, पण गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी माहिती देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं आहे. अल्पवयीनांसाठी गर्भपाताची मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवडे आहे. हे वसतिगृहाच्या अधीक्षिकेला माहीत हवं, कारण लपवण्यात आठवडे गेले की मग न्यायालयाची पायरी चढावी लागते.

---

समुपदेशक_प्रतापनगर

मोजण्याचा प्रश्न राहिला होता. "प्रशिक्षण कसं वाटलं?" हा फॉर्म भरून घेऊ नका, त्यात सगळेच "छान" लिहितात. सहा छोटे प्रसंग लिहून काढा. त्यात दोन असे ठेवा की अत्याचाराचा काही संबंध नाही, दोन स्पष्ट, दोन संदिग्ध. प्रत्येकाखाली तेच तीन प्रश्न: आत्ता काय म्हणाल, काय लिहाल, कुणाला कळवाल. प्रशिक्षणाआधी, लगेच नंतर, आणि तीन महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या सुटीआधी, न सांगता पुन्हा. तिसऱ्या वेळचे गुण खरे. साधारणपणे कायद्याची माहिती टिकते आणि बोलण्याची पद्धत आधी विसरली जाते, तेव्हा फेरउजळणीत फक्त बोलण्याचा सराव घ्या. ४० मिनिटं पुरतात.

शिवाय 'काळजीची नोंदवही' सुरू करा. पोलिसांकडे जाण्याइतकं स्पष्ट नाही पण मनात खटकलं, असं सगळं त्यात: "आज डबा नाही, तिसऱ्यांदा", "पीटीला कपडे बदलायला नकार", "व्हॅनमधून उतरताना रडली". प्रत्येक मुलाचं पान वेगळं, कुलूप असलेल्या कपाटात, किल्ली एका नेमलेल्या शिक्षिकेकडे आणि तिच्या गैरहजेरीत दुसरीकडे. दर शनिवारी ती पानं उलटायची. वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि व्हॅनमधल्या ताई, तिघांच्या तीन नोंदी एकाच पानावर आल्या की जे एकेकट्याला दिसलं नव्हतं ते दिसतं. मात्र मुलानं थेट काही सांगितलं तर त्याची नोंद या वहीत टाकून शनिवारची वाट बघायची नाही, ते त्याच दिवशी कळवायचं. हा फरक पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

वर्षभरात वही कोरी राहिली तर त्याला यश समजू नका. एवढ्या मुलांच्या शाळेत खटकण्यासारखं काहीच घडत नाही असं होत नाही. लोक लिहायला घाबरतात का, लिहिलेल्याचं पुढे काय होतं हे त्यांना कळत नाही का, ते बघा. लिहिणाऱ्याला आठवड्यात एवढं तरी कळवा की नोंद वाचली आहे.

दिव्यांग मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा तास ठेवा. ज्यांना कपडे बदलायला, शौचाला मदत लागते त्यांच्याबाबत कोण मदत करणार, कुठं, दार किती उघडं, हे नावानिशी लिहून ठेवा. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी शरीराच्या चित्रांचा तक्ता शिक्षिकेनं आधीपासून रोजच्या वापरात आणावा. प्रसंग घडल्यावर तो पहिल्यांदा समोर ठेवला तर मुलाला काहीच दाखवता येत नाही.

आणि ज्या मुलानं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी वर्गात येतं तेव्हाचंही ठरवून ठेवा. त्याची जागा बदलू नका, त्याला खास वागणूक देऊ नका, सगळ्यांसमोर विचारपूस नको. न्यायालयाच्या तारखांना गैरहजेरी लागेल, तिची कारणं हजेरीपटावर लिहायची नाहीत. परीक्षा बुडाली तर पुन्हा घ्यायची. हे सगळं मुख्याध्यापकांनी आधीच लेखी मान्य केलेलं असलं की वर्गशिक्षिकेला प्रत्येक वेळी परवानगी मागत फिरावं लागत नाही.